उपाशी आहात, पण पोट रिकामं आहे का?

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर घेण्याआधी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न दोन-तीनदा विचारते. "काही खाल्लंय का?" चतुर्थी किंवा एकादशी असली की हमखास उत्तर येतं, "नाही मॅडम, आज उपवास आहे." मग पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, "उपवासाचं काय घेतलंत?" तेव्हा कळतं की सकाळी सहाला वाटीभर साबुदाण्याची खिचडी झाली, वर एक केळं आणि दुधाचा चहा. माणूस खोटं बोलत नसतो. आपल्याकडे उपवास वेगळा आणि उपाशी वेगळा, आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केलेली आहे.

हा घोळ जुना आहे आणि बोलून सुटतो. अलीकडे मात्र एक नवा घोळ सुरू झालाय आणि तो बोलून सुटत नाही. रात्रीपासून खरोखर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या पेशंटच्या पोटात अन्न सापडू लागलंय. कारण आहे वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं. 2025 च्या मार्चमध्ये टर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. माउंजारो, वेगोव्ही ही त्यांची बाजारातली नावं आता लग्नाच्या हॉलमध्येही ऐकू येतात. भूक कमी करण्याबरोबर ही औषधं जठर रिकामं होण्याचा वेगही मंदावतात. मग 'आठ तास उपाशी' या शब्दांवर भरवसा ठेवायचा कसा? याचं एक उत्तर सोनोग्राफीत आहे. पोटाच्या सोनोग्राफीत आणि गळ्याच्याही.

ठसका लागतो म्हणून आपण वाचतो

घशात दोन वाटा फुटतात. पुढची श्वासनलिका फुप्फुसांकडे जाते, मागची अन्ननलिका जठराकडे. घास गिळताना श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं आणि घास मागच्या नळीत सरकतो. रेल्वेचा सांधा बदलावा तसं हे दिवसातून शेकडो वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एखाद वेळी सांधा चुकतो, पाण्याचा थेंब पुढच्या वाटेला लागतो, आणि आपल्याला जोरात ठसका लागतो. आई डोक्यावर टपली मारून "वर बघ, वर बघ" म्हणते. तो ठसका म्हणजे फुप्फुसांचा पहारेकरी.

पूर्ण भूल दिली की हा पहारेकरी झोपतो. ठसका बंद, गिळणं बंद. शिवाय अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली आवळून धरणारी स्नायूंची गाठही सैल पडते. माणूस आडवा, खालचं दार उघडं, वरचा पहारा गायब. अशा वेळी जठरात काही असेल तर ते उलटीचा आवाजही न करता वर सरकतं आणि श्वासनलिकेत उतरतं.

हे टाळायला आम्ही श्वासनलिकेत एक नळी बसवतो. तिच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीची बाजू बंद होते आणि घशातलं काही खाली जाऊ शकत नाही. म्हणजे धोका खरा असतो तो झोप लागल्यापासून फुगा फुगेपर्यंतच्या मिनिट-दीड मिनिटात, आणि नंतर नळी काढतानाच्या थोड्या वेळात. या लेखातली बरीचशी गोष्ट त्या पहिल्या मिनिटभराची आहे.

पोटातलं छातीत गेलं तर

जठरातला रस आम्ल असतो. तो फुप्फुसाच्या नाजूक पडद्यांना भाजतो. अन्नाचा घट्ट गोळा गेला तर तो वाटच अडवतो. न्यूयॉर्कमधल्या कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञांनी 1946 मध्ये आपल्या रुग्णालयातली 44,016 बाळंतपणं तपासली. त्यातल्या 66 बायकांच्या फुप्फुसात भुलेखाली पोटातलं गेलं होतं. दोघी दगावल्या, आणि दोघींचाही श्वास घट्ट अन्नाने कोंडला होता. आम्लाने फुप्फुसाचं काय होतं हे मेंडेलसननी सशांवर प्रयोग करून दाखवलं. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की "आता काही खाऊ नको" असं सांगितलं जातं, त्याचं मूळ या कामात आहे.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1993 मध्ये दोन लाखांहून जास्त भुलींचा हिशेब मांडला. 3,216 भुलींमागे एकदा असा प्रकार घडला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काहीही त्रास झाला नाही. तातडीच्या ऑपरेशनांत मात्र हेच प्रमाण 895 मागे एक होतं. दुसऱ्या बाजूने, ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभर वर्षभर नोंद घेतली गेली. 2011 मध्ये तिचा अहवाल आला. भुलेच्या वेळी श्वासमार्गाच्या अडचणींमुळे झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्यांच्या मुळाशी हेच कारण होतं. क्वचित घडतं, पण घडलं की जीव घेऊ शकतं, म्हणूनच आम्ही तोच प्रश्न तीनदा विचारतो.

तास मोजणं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजणं

सध्याचा नियम तासांचा आहे. पाणी, बिनदुधाचा चहा, गर नसलेला फळांचा रस असे पारदर्शक पदार्थ दोन तास आधीपर्यंत चालतात. अंगावरचं दूध चार तास. हलका नाश्ता किंवा गाई-म्हशीचं दूध सहा तास. तळकट, तुपकट जेवण असेल तर आठ किंवा त्याहून जास्त. तूप आणि दाण्याचं कूट घातलेली खिचडी या शेवटच्या खात्यात जाते, उपवासाची असली तरी.

नियम चांगला आहे. निरोगी माणसाला तो बहुतेक वेळा लागू पडतो. पण हा नियम कुकरच्या शिट्ट्या मोजण्यासारखा आहे. चार शिट्ट्या झाल्या म्हणजे डाळ शिजली असेल, हा अनुभवावरचा अंदाज झाला. डाळ जुनी असेल, पाणी जड असेल, तर त्याच चार शिट्ट्यांनंतर दाणा कच्चा राहतो. जठराचंही तसंच आहे. बरीच वर्षं मधुमेह असेल तर जठराच्या नसा मंदावलेल्या असतात. अपघातात हाड मोडलं असेल तर त्या वेदनेने आणि धक्क्याने पचन जागच्या जागी थांबतं. रात्री आठला जेवून नऊला दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या पोटात सकाळी सहालाही ते जेवण असू शकतं. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, बाळंतपणाच्या कळा, आतड्याची अडचण, सगळ्यांचा परिणाम तोच.

आणि आता ही नवी इंजेक्शनं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ऑपरेशनला आलेल्या 124 जणांच्या पोटाची भुलेआधी सोनोग्राफी केली गेली. सगळे नियमाप्रमाणे उपाशी होते. अशी औषधं घेणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांच्या जठरात अजून बरंच काही शिल्लक होतं. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 19 टक्के निघालं. हा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातला दुसरा आकडाही पहिल्याइतकाच बोलका वाटतो. औषध न घेणाऱ्या, तास पाळलेल्या माणसांतही पाचात जवळजवळ एकाचं पोट रिकामं नव्हतं.

झाकण न काढता आत बघायचं

सोनोग्राफी म्हणजे आवाज पाठवून प्रतिध्वनी ऐकणं. अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते आवाजावरून ओळखतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की हा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. कानाची मर्यादा सेकंदाला वीस हजार कंपनांची. पोटाच्या तपासणीत वापरतात तो आवाज सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांचा. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे किरणांची भीती नको. गार जेली लावतात ती प्रोब (म्हणजे यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) आणि कातडी यांच्यामधली हवा काढून टाकायला. हवेतून हा आवाज पुढे जात नाही.

जठराची पिशवी मोठी, त्यातही वरच्या भागात हवा असते, म्हणून सगळं जठर दिसत नाही. आम्ही बघतो ते त्याचं शेवटचं टोक, जिथून अन्न आतड्यात जातं. छातीच्या हाडाखाली जो खळगा असतो तिथे प्रोब उभा धरला की यकृताच्या डाव्या कडेमागे हे टोक सापडतं. एकदा पाठीवर झोपवून बघायचं आणि एकदा उजव्या कुशीवर. माठाच्या तळाला राहिलेलं पाणी काढायला आपण माठ कलता करतो ना, तसंच उजव्या कुशीवर वळवलं की जठरात उरलंसुरलं असेल ते या टोकाशी जमा होतं.

पडद्यावर तीनच चित्रं ओळखायची असतात. पोट रिकामं असेल तर टोक चपटं किंवा लहान गोल दिसतं, नेमबाजीच्या फलकासारखं, एकात एक वर्तुळं. नुसतं पाणी असेल तर गोल फुगतो आणि आत काळं दिसतं. पाणी नुकतंच प्यायलेलं असेल तर त्यात हवेचे बारीक बुडबुडे चमकतात, चांदणं पडलेल्या आभाळासारखे. घट्ट अन्न असेल तर सगळं धुरकट, बाथरूमच्या खिडकीला असते तशा काचेसारखं. काही वेळाने हवा निघून गेली की तेच अन्न ओबडधोबड, करड्या रंगाचं दिसू लागतं.

अन्न दिसलं की प्रश्न मिटला, पोट भरलेलं आहे. पाणी दिसलं तर किती, हे मोजावं लागतं, कारण उपाशी माणसाच्या जठरातही स्वतःचा रस थोडा असतोच. टोरोंटोच्या डॉक्टर अनाही पेर्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपं सूत्र बसवलं. उजव्या कुशीवर असताना जठराच्या त्या टोकाचा आडवा छेद किती चौरस सेंटिमीटर आहे ते मोजायचं. त्याला 14.6 ने गुणायचं, 27 मिळवायचे, आणि वयाला 1.28 ने गुणून आलेला आकडा वजा करायचा. चाळीस वर्षांच्या माणसाचा छेद 6 चौरस सेंटिमीटर भरला तर उत्तर येतं साधारण 63 मिलिलिटर. वजन 60 किलो असेल तर किलोमागे एक मिलिलिटरच्या आसपास. किलोमागे दीड मिलिलिटरपर्यंतचं पाणी हे उपाशी पोटाचंच लक्षण मानतात. तोच छेद 8 भरला तर हिशेब 93 मिलिलिटरच्या जवळ जातो आणि दीडची रेषा किंचित ओलांडतो. अशा वेळी मी आकड्यापेक्षा माणसाकडे जास्त बघते. मधुमेह किती वर्षांचा, मळमळ आहे का, पोट फुगलंय का.

एवढं सगळं करायला सराव असलेल्या हाताला पाचेक मिनिटं पुरतात.

भरलेलं दिसलं तर ऑपरेशन रद्द?

हा पहिला आक्षेप असतो, सर्जनचाही आणि नातेवाइकांचाही. "आता काही दिसलं तर उगीच पुढे ढकलाल." कधी ढकलावं लागतं हे खरं आहे. हर्निया, गुडघा, दाढ, ही ऑपरेशनं उद्यावर गेली तर काही बिघडत नाही. पण बहुतेक वेळा रद्द करण्याऐवजी पद्धत बदलते. हाताचं ऑपरेशन असेल तर फक्त हात बधिर करून होतं, पाय असेल तर पाठीत इंजेक्शन देऊन. पेशंट जागा राहतो, त्याचा ठसकाही जागा राहतो. पूर्ण भूल द्यावीच लागली तर आधी नाकातून नळी घालून पातळ असेल ते ओढून काढता येतं. मग झटपट भूल देतात, म्हणजे झोपेचं आणि स्नायू सैल करणारं औषध पाठोपाठ देऊन, मध्ये मास्कमधून हवा न देता किंवा अगदी हळुवार देऊन, लगेच नळी बसवायची.

उलटं सुद्धा घडतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मला आवर्जून सांगायचंय. लहान मुलाने सकाळी दोन घोट दूध प्यायलं, आई रडकुंडीला आली, सगळे म्हणाले आता सहा तास थांबा. पोट बघितलं, रिकामं निघालं, तर ते तहानलेलं मूल संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायचं की नाही, याचा विचार तरी करता येतो. 'रात्री बारापासून काही नाही' या जुन्या सरधोपट सूचनेने आपण लहान मुलांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे फार हाल करतो. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे अजूनही कित्येक वॉर्डांत सांगितलंच जात नाही.

मान दाबायची साठ वर्षांची सवय

आता गळ्याकडे वळू. 1961 मध्ये लंडनचे भूलतज्ज्ञ ब्रायन सेलिक यांनी एक साधी युक्ती मांडली. कंठमण्याच्या खाली बोट सरकवलं की एक टणक कडं लागतं. श्वासनलिकेच्या बाकीच्या कूर्चा मागून उघड्या असतात, हे एकच कडं पूर्ण गोल आहे. खड्याच्या अंगठीसारखं, पुढे निमुळतं आणि मागे रुंद. सेलिक म्हणाले, झोप लागताच या कड्यावर पुढून दाब द्या. कडं टणक असल्याने श्वासाची वाट उघडी राहील, पण मागची अन्नाची वाट कडं आणि मणका यांच्यात चेपून बंद होईल. बागेतल्या रबरी नळीवर पाय ठेवला की पाणी थांबतं, तशी.

त्यांनी हे 26 पेशंटवर करून पाहिलं. 23 जणांमध्ये दाब असतानाही काही वर आलं नाही आणि काढल्यावरही नाही. उरलेल्या तिघांत नळी बसल्यावर दाब काढताच पोटातलं घशात आलं. म्हणजे दाबानेच ते अडवलं होतं, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर ही पद्धत रूढ झाली. आम्ही सगळे हेच शिकलो. जागेपणी साधारण एक किलोचा दाब, झोप लागल्यावर तीन किलोचा. विद्यार्थ्यांना वजनकाट्यावर बोट दाबून सराव करायला लावतात.

पण बोटाखाली नेमकं काय होतंय हे कुणी बघितलेलं नव्हतं. 2003 मध्ये निरोगी स्वयंसेवकांची एमआरआय तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांत अन्ननलिका कड्याच्या सरळ मागे नव्हतीच, बाजूला सरकलेली होती. दाब दिल्यावर तर दहांत नऊ जणांत ती बाजूला दिसली. 2009 मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं, कड्यामागे मुळात अन्ननलिका नसतेच, घशाचा शेवटचा भाग असतो. तो कड्याला जोडून असतो, कडं सरकलं तरी बरोबर सरकतो आणि चेपला जातो. भांडण मिटलं नाही.

मग फ्रान्समधल्या दहा रुग्णालयांनी 3,472 पेशंटवर चाचणी केली, ती 2019 मध्ये छापून आली. निम्म्यांना खरा दाब, निम्म्यांना दाबाचं नुसतं नाटक, आणि नळी घालणाऱ्याला काहीच माहीत नाही. खरा दाब दिलेल्यांत दहा जणांच्या फुप्फुसात पोटातलं गेलं, नाटकवाल्यांत नऊ जणांच्या. नळी घालायला मात्र खऱ्या दाबाने जास्त वेळ लागला आणि स्वरयंत्र दिसायला अडचण झाली. घटना इतक्या थोड्या घडल्या की 'दाब नको' हे या चाचणीने गणिताने सिद्ध होत नाही. पण 'दाब हवाच' असं डोळे झाकून म्हणायची सोयही उरली नाही.

शेजारच्या नळीवर बोट

इथे सोनोग्राफी कामाला येते. मानेच्या खालच्या भागात, डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या थोडं वर, अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागून डावीकडे किंचित डोकावते. तिथे प्रोब ठेवला की ती स्पष्ट दिसते, कांद्याच्या चकतीसारखी थरांची. पेशंटला आवंढा गिळायला सांगा, तिच्यातून चमकती रेघ सरकते. शेजारी मानेची मोठी रक्तवाहिनी ठोके देत असते, तीही दिसते, म्हणजे तिच्यावर दाब पडू द्यायचा नाही हे कळतं. मग त्या कड्यावर नव्हे, तर श्वासनलिकेला डावीकडून लगटून, मणक्याच्या दिशेने दाब द्यायचा. अन्ननलिका चपटी होताना डोळ्यांसमोर दिसते. बोटाची जागा चुकली तर चूकही दिसते.

बेल्जियममधल्या भूलतज्ज्ञांनी 2018 मध्ये याची छान परीक्षा घेतली. झोपलेल्या पेशंटला मास्कमधून हवा देताना ती थोडी जठरातही शिरते. त्यांनी जठरावरच प्रोब ठेवून बघितलं की हवा शिरते का. डावीकडून हा दाब दिलेला असताना हवा शिरायची थांबली. वरून खाली हवा जात नसेल तर खालून वर अन्नही येणार नाही, हा त्यामागचा तर्क. तर्क मला पटतो. पण दाबलेली नळी पडद्यावर दिसणं आणि फुप्फुसं खरोखर वाचणं यात अंतर आहे, हे सेलिकच्या दाबानेच आम्हाला शिकवलंय. म्हणून ही पद्धत मी आशेने बघते, अजून निश्चिंत होऊन नाही.

गळ्यावर सोनोग्राफीचे आणखी दोन उपयोग थोडक्यात. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर पडद्यावर श्वासनलिकेशेजारी दुसरी पोकळ नळी उघडलेली दिसते. तरीही अंतिम निकाल उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्रच देतं, त्याला पर्याय नाही. दुसरा उपयोग अगदी शेवटच्या क्षणाचा. नळी जात नाही, हवा जात नाही, अशा वेळी कंठमणी आणि ते कडं यांच्यातल्या पातळ पडद्याला छेद देऊन श्वास द्यावा लागतो. जाड मानेत हा पडदा नुसत्या बोटाने चाचपून हमखास चुकतो. कोपनहेगनच्या मायकेल क्रिस्टेन्सेन यांनी तो सोनोग्राफीने शोधायची पद्धत शिकवली. मानेवरून प्रोब उभा सरकवला की श्वासनलिकेची कडी मोत्यांच्या सरासारखी दिसतात, वरचा मोठा मोती म्हणजे ते कडं, आणि त्याच्या लगेच वर पडदा. गरज पडण्याआधीच पेनाने खूण करून ठेवायची.

मग सगळ्यांचंच पोट का बघत नाही?

कारण गरज नाही. निरोगी, तरुण, नीट उपाशी राहिलेल्या माणसात भरलेलं पोट सापडण्याची शक्यता कमी असते. शंका असते तिथेच ही तपासणी कामाची: जुना मधुमेह, अपघात, वजनाची इंजेक्शनं, ज्याला नीट सांगता येत नाही असा पेशंट, किंवा सांगण्यात आणि दिसण्यात तफावत.

तिच्या मर्यादाही आहेत. जठराचं किंवा वजनासाठीचं ऑपरेशन झालेल्यांत चित्र फसवतं, सूत्र चालत नाही. खूप जाड माणसात खोलवर स्पष्ट दिसत नाही. आणि हात बसावा लागतो. एका अभ्यासात भूलतज्ज्ञांना 95 टक्के अचूकता यायला सुमारे 33 तपासण्या कराव्या लागल्या. म्हणजे ज्याने दोन व्हिडिओ पाहून प्रोब हातात घेतला, त्याचं 'पोट रिकामं आहे' हे मत मी मानणार नाही.

यंत्र आहे, कायदाही आहे

"आमच्या तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये हे होईल का?" हा महाराष्ट्रातला खरा प्रश्न. इथे यंत्राच्या किमतीइतकाच कायद्याचाही भाग आहे. गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सगळ्यात आधी केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते कुठे ठेवलंय आणि कोण वापरतं हे नोंदलेलं असावं लागतं. गरोदर बाईची तपासणी झाली की ठरावीक नमुन्यात तिची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडचे कितीतरी भूलतज्ज्ञ सकाळी एका नर्सिंग होमला, दुपारी दुसऱ्या, असे फिरतात. आपलं यंत्र पिशवीत घालून ते बरोबर नेऊ शकत नाहीत.

या कायद्यावर चिडणारे सहकारी मला भेटतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. तो आकडा समोर असताना कायदा सैल करा असं मला म्हणवत नाही. त्यापेक्षा रुग्णालयाने आपल्या नोंदणीतच भूलतज्ज्ञाचं नाव घालावं आणि एक यंत्र ऑपरेशन थिएटरसाठी नोंदवून ठेवावं. नसा बधिर करायला ते रोज लागतंच. त्याच यंत्राने पोट बघता येतं, फक्त प्रोब वेगळा लागतो.

तुम्ही आम्हाला काय सांगायचं

यंत्र असो वा नसो, पहिली माहिती तुमच्याकडूनच येते. खाल्लं तर खाल्लं म्हणून सांगा, रागावणार नाही कुणी, आणि रागावलं तरी सांगा. उपवासाचं असेल तर काय आणि किती वाजता, ते सांगा. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, आणि ताक म्हणजेही पाणी नव्हे.

वजनाचं किंवा मधुमेहाचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर ते ऑपरेशनच्या दिवशी नव्हे, तारीख ठरते तेव्हाच सांगा. 2023 मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने हे इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवायला सांगितलं होतं. 2024 मध्ये अनेक संघटनांनी मिळून तो सल्ला बदलला. बऱ्याच जणांना औषध चालू ठेवता येतं, मळमळ, उलटी, पोट जड वाटणं असं काही असेल तर आदला पूर्ण दिवस फक्त पातळ आहार, आणि शंका राहिली तर त्या दिवशी पोटाची सोनोग्राफी. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, मधुमेह असेल तर साखर वर जाते. पेशंटला "रोजच्या गोळ्या कोणत्या?" असं विचारलं की हे इंजेक्शन यादीत येतच नाही, कारण ते रोजचं नसतं आणि गोळीही नसते. म्हणून हल्ली मी वेगळं विचारते: आठवड्यातून एकदा घेता असं काही आहे का, आणि शेवटचं कोणत्या वारी घेतलं?